प्रस्तावना : लिनक्स, ग्राफिक्स कार्ड आणि किल्लारीची मोजणी

1993 च्या ऑक्टोबरात मी एका वहीत नावं लिहीत होतो. लातूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, अक्षर बरं होतं, म्हणून किल्लारीजवळच्या एका छावणीत वही माझ्या हाती आली. 30 सप्टेंबरच्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांच्या सुमारास, गणपतीचं विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते आणि धरणी हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. माझ्या वहीत रकाने होते: गाव, नाव, वय, हयात की नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी एका वयस्कर माणसानं वही चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. एकच म्हातारी मी तीन ओळींत लिहिली होती. मुलानं तिचं सासरचं नाव सांगितलं होतं, भावानं माहेरचं, आणि शेजाऱ्यानं गाव तिला ज्या नावानं हाक मारायचं ते. मी तीन माणसं मोजली होती. दोन ओळी खोडल्या. ती म्हातारी पुढे मला संख्याशास्त्राकडे घेऊन गेली असं मी अनेकदा वर्गात सांगितलं आहे, आणि ते खरं आहे.

त्या पहाटे किती माणसं गेली याचा आकडा आजही निरनिराळ्या नोंदींत निरनिराळा सापडतो. कुठे आठ हजारांच्या जवळ, कुठे पावणेदहा हजारांच्या जवळ. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली 52 गावं नव्यानं वसवावी लागली. इतक्या मोठ्या घटनेतही मूळ आकडा एक नाही. आकडा म्हणजे काय आणि त्यावर किती भार टाकावा, हे विद्यार्थ्याला कळायला हवं असेल तर यापेक्षा जवळचं उदाहरण आमच्या भागात नाही.

तुमच्या हातातलं पुस्तक लिनक्सच्या संगणकावर ग्राफिक्स कार्ड चालतं करून त्यावर संख्याशास्त्राची गणितं कशी सोडवावीत, ते शिकवतं. त्याच्या प्रस्तावनेत किल्लारी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. या पुस्तकाचे दोघे लेखक माझे विद्यार्थी. दोघंही औसा तालुक्यातले, दोघंही भूकंपानंतर जन्मलेले, नव्या गावठाणाच्या आखीव रस्त्यांवर वाढलेले. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यांनी भूकंपांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींचं गणित आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर पुरं होईना, म्हणून कार्ड आलं. कार्ड चालेना, म्हणून टिपणं लिहिली गेली. त्या टिपणांचं हे पुस्तक झालं. विषयाचा उगमच तिथे आहे, तेव्हा सुरुवातही तिथूनच करतो.

योगायोग म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ज्या वर्षी किल्लारी पडली त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये एनव्हिडिया ही ग्राफिक्स चिपा बनवणारी कंपनी अमेरिकेत स्थापन झाली. ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं डेबियन या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. आज लिनक्स वापरणाऱ्या अनेकांच्या संगणकावर असलेलं उबुंटू तिच्यावरच उभं आहे. आणि त्याच ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर या संख्याशास्त्रीय भाषेचा पहिला नमुना लोकांपुढे ठेवला. या पुस्तकात जी तीन साधनं एकत्र येतात त्या तिन्हींची मुळं 1993 मधली. मी वहीत नावं लिहीत होतो तेव्हा यातलं एकही नाव माझ्या कानावर आलेलं नव्हतं. पुण्यात मात्र सी-डॅक या सरकारी संस्थेनं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक 1991 सालीच उभा केला होता, आणि वर्तमानपत्रात त्याचं चित्र पाहिल्याचं आठवतं. मोठी आकडेमोड ही पुण्यात, मोठ्या इमारतीत, वातानुकूलित खोलीत होते, अशी माझी समजूत त्या चित्रानं करून दिली होती. ती पुढे पंधरा-वीस वर्षं टिकली.

आता मुद्द्याचं. भूकंपाच्या नोंदींना एवढं गणित का लागतं?

मोठा भूकंप एका प्रदेशात माणसाच्या आयुष्यात एखादाच होतो. एका नोंदीवर संख्याशास्त्र उभं राहत नाही. पण लहान धक्के पुष्कळ असतात, आणि लहान-मोठ्यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी 1944 साली ते मांडलं: तीव्रता एकानं उतरली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. म्हणजे 4 तीव्रतेचा एक धक्का नोंदला गेला तर त्या भागात 3 चे दहाएक, 2 चे शंभरएक धरायला हरकत नाही. माणसाला जाणवत नाहीत असे हे धक्केच आपला खरा विदासाठा. दुसरा नियम त्याहून जुना, जपानच्या ओमोरी यांचा, 1894 चा: मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के काळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातात. किल्लारीच्या माणसाला हा नियम सूत्राशिवाय ठाऊक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात किती वेळा उठून बाहेर पळालो आणि दिवाळीपर्यंत किती वेळा, हे त्यांनी अंगानं मोजलं आहे.

1988 साली जपानचेच ओगाटा यांनी हे दोन्ही नियम एका प्रतिमानात आणले. त्याचं नाव इटास. त्यात प्रत्येक धक्का हा पुढच्या धक्क्यांचा संभाव्य जनक मानला जातो. आज होणाऱ्या धक्क्याची शक्यता काढायची तर आधीच्या प्रत्येक धक्क्याचा वाटा धरून बेरीज करावी लागते. दहा हजार धक्क्यांची यादी असेल तर जोड्या होतात सुमारे पाच कोटी. यादी एक लाखाची झाली, म्हणजे दसपट वाढली, की जोड्या होतात पाचशे कोटी, शंभरपट. ही झाली एका वेळची बेरीज. प्रतिमानाचे आकडे जुळवून आणायला अशी बेरीज शेकडो वेळा करावी लागते. त्यात आपला अंदाज किती भरवशाचा आहे हे बूटस्ट्रॅपनं, म्हणजे पुन्हापुन्हा नमुने घेऊन, तपासायचं म्हटलं की तेच सगळं हजार वेळा.

आणि ही यादी मुळात बनते कशी? भूकंपमापक दर सेकंदाला शंभर वाचनं घेत असेल तर एका दिशेची दिवसाला 86 लाख 40 हजार वाचनं झाली. तीन दिशा धरल्या तर 2 कोटी 59 लाख. एका ठिकाणचं एक वर्ष म्हणजे सुमारे 946 कोटी आकडे. या ओघात बुडालेले बारीक धक्के शोधायची एक रीत अशी, की ओळखीच्या धक्क्याचा ठसा घ्यायचा आणि तो सगळ्या नोंदीवरून एकेक वाचन सरकवत न्यायचा. जिथे जुळेल तिथे खूण करायची. करायचं काम अगदी साधं, पण करायचं कोट्यवधी वेळा.

साधं काम, कोट्यवधी वेळा. ग्राफिक्स कार्ड याचसाठी आहे.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर आणि कार्ड यांतला फरक मी वर्गात खुरपणीवरून सांगतो. मुख्य प्रोसेसर म्हणजे चार-आठ कसबी गडी. विहिरीवरची मोटर दुरुस्त करतील, तिफण जोडतील, बैलाला औषध पाजतील, एक झालं की दुसरं, आणि कुठलं काम कधी करायचं हे स्वतः ठरवतील. कार्ड म्हणजे खुरपणीला आलेल्या बाया. प्रत्येकीनं आपापली पात धरली आहे, सगळ्यांचं काम एकच, आणि बांधावरून एकदा सांगितलं की पाच एकर रान दुपारपर्यंत साफ होतं. त्यांच्यातल्या कुणी मोटर दुरुस्त करावी अशी अपेक्षा नसते. कार्डात असे कामकरी हजारोंनी असतात. मॅट्रिक्सचा गुणाकार, जोड्यांची बेरीज, ठसा सरकवणं ही पातीची कामं. ज्या गणितात पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते, एका साखळीत चालणारं एखादं सिम्युलेशन, ते गड्याचं काम. तिथे कार्ड आणून काही साधत नाही.

या उपमेत आणखी एक गोष्ट बसते. बायांना गावातून रानात न्यायला टेम्पो लागतो. रान दोन गुंठ्यांचं असेल तर जाण्यायेण्यातच कामापेक्षा जास्त वेळ जाईल. संगणकाच्या स्मृतीतून कार्डाच्या स्मृतीत विदा नेणं आणि उत्तर परत आणणं हा तो टेम्पो. शंभर ओळींच्या रिग्रेशनला कार्ड वापरलं तर ते साध्या संगणकाहून हळू चालतं. माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी हेच करून पाहतात आणि हिरमुसतात. या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात तो प्रयोग मुद्दाम ठेवला आहे.

आता कार्ड बसवण्याबद्दल. पुस्तकाचा अर्धाअधिक भाग त्यावर आहे आणि ते योग्यच आहे, कारण मुलं अडतात ती इथे. कार्ड खाचेत बसवणं पाच मिनिटांचं काम. पुढे जे असतं ते एकावर एक चढणारे थर आहेत. सर्वांत खाली लिनक्सचं कर्नेल. त्याला कार्डाशी बोलता यावं म्हणून ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या वर कूडा हा संच, ज्यातून कार्डाला गणितं सांगता येतात. एनव्हिडियानं तो 2006 मध्ये जाहीर केला. त्याच्या वर मॅट्रिक्सच्या गणितांचं ग्रंथालय. आणि सगळ्यात वर आपण ज्यात लिहितो ते आर किंवा पायथन. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांसाठी कूडाच्या जागी रॉक-एम हा संच आहे, 2016 पासूनचा. त्याला एक छोटं प्रकरण दिलं आहे. प्रत्येक थर आपल्या खालच्या थराची ठरावीक आवृत्ती मागतो. मधला एक हलला की वरचं सगळं थांबतं, आणि चूक दिसते ती सगळ्यात वर, आरच्या पडद्यावर, जिथे ती झालेलीच नसते.

आमच्या प्रयोगशाळेत हे कसं घडलं ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही ड्रायव्हर एकदा प्रणालीच्या स्वतःच्या पॅकेज भांडारातून घेतला, आणि तो जुना वाटला म्हणून वरून दुसरा, थेट उतरवून घेतलेल्या फाइलीतून बसवला. दोन्ही एकत्र नांदले ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीत संगणकानं आपोआप नवं कर्नेल घेतलं. सुट्टीनंतर चालू केला तर काळा पडदा. परीक्षा तोंडावर, मुलांचे प्रकल्प आत अडकलेले. चूक सर्वस्वी आमची होती. थेट फाइलीतून बसवलेल्या ड्रायव्हरची नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधणी व्हावी अशी व्यवस्था आम्ही केलीच नव्हती. ती व्यवस्था डीकेएमएस नावाची आहे. कर्नेल बदललं की ती ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग नव्यानं बांधते. पण त्यासाठी त्या कर्नेलच्या हेडर फाइली आधी संगणकावर असाव्या लागतात. एका विद्यार्थिनीनं काळ्या पडद्यावरून नुसत्या अक्षरांच्या खिडकीत शिरून, दोन्ही ड्रायव्हर मुळासकट काढून, एकच नव्यानं बसवला. दीड दिवस लागला. तिनं त्या वेळी वहीत लिहिलेला क्रम या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाचा सांगाडा आहे. नियम तिनं ठळक अक्षरांत लिहिला होता आणि लेखकांनी तो तसाच ठेवला: ड्रायव्हर एकाच वाटेनं घ्यावा, आणि शक्यतो ती वाट प्रणालीच्या स्वतःच्या भांडाराची असावी.

बाकीच्या अडचणी पुस्तकात क्रमानं येतील. तीन मात्र मी इथेच सांगतो, कारण त्यांनी आमचे सर्वांत जास्त तास खाल्ले. लिनक्समध्ये एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूव्हो नावाचा स्वयंसेवकांनी बनवलेला मुक्त ड्रायव्हर आधीपासून असतो. पडदा दाखवायला तो छान आहे, पण कूडा त्याच्यावर चालत नाही; कंपनीचा ड्रायव्हर बसवण्याआधी त्याला बाजूला करावं लागतं. दुसरी, नव्या संगणकांत सिक्युअर बूट चालू असतं, म्हणजे सही नसलेला तुकडा कर्नेलमध्ये शिरू दिला जात नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो परत द्यायचा असतो. मुलं तो पडदा घाईत ओलांडतात, आणि मग सगळं बसलेलं असूनही कार्ड दिसत नाही. तिसरी अडचण समजुतीची. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिली की कोपऱ्यात कूडाची एक आवृत्ती दिसते. ती बसलेल्या कूडाची नसते; हा ड्रायव्हर कूडाच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत साथ देईल ते ती सांगते. बसलेली आवृत्ती पाहायची तर कूडाच्या कंपायलरला, एनव्हीसीसीला, विचारावं लागतं. या एका गैरसमजापायी चांगला चालणारा संगणक पुसून पुन्हा बसवलेला मी पाहिला आहे.

आरबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आमच्याकडच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याची ती मातृभाषा आहे.

कार्ड विकत घेण्याआधी एक काम फुकटात होतं. आर मॅट्रिक्सची गणितं स्वतः करत नाही. ब्लास नावाच्या ग्रंथालयाकडे सोपवतं. अनेक संगणकांवर त्याचं मूळ, साधं रूप असतं. त्याजागी ओपनब्लास बसवलं की तेच गुणाकार, तोच संगणक, तोच प्रोग्राम, आणि वेग कितीतरी पटीनं वाढतो. आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांची गरज इथेच भागली. त्यांना कार्डाची गरज नव्हती हे त्यांना आणि मला कार्ड घेतल्यावर कळलं, म्हणून लेखकांनी हे प्रकरण सर्वांत आधी घातलं आहे. कार्डाकडे जाण्याची पहिली पायरीही त्याच वाटेवर आहे. एनव्हीब्लास हे ग्रंथालय आर सुरू करताना मध्ये बसवता येतं. मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकारासारखी जड कामं ते कार्डाकडे वळवतं आणि बाकीची होती तिथेच राहू देतं. आरच्या प्रोग्रामचं एक अक्षर बदलावं लागत नाही. कार्डासाठी खास लिहिलेली आरची काही जुनी पॅकेजेस, जीपीयूटूल्स आणि जीपीयूआर ही त्यांतली, क्रॅन या आरच्या पॅकेज भांडाराच्या चालू यादीतून उतरली आहेत. जुन्या पुस्तकांत त्यांची नावं सापडली तर त्यामागे वेळ घालवू नये. 2020 साली आलेलं टॉर्च हे पॅकेज पायथनच्या मदतीशिवाय कार्डापर्यंत पोचतं, आणि इटासचं प्रकरण त्यातच लिहिलं आहे.

आता ज्या एका कारणासाठी मी ही प्रस्तावना लिहायला कबूल झालो ते. ग्राफिक्स कार्ड खेळांच्या चित्रांसाठी जन्मलं. चित्रातल्या ठिपक्याचा रंग सातव्या अंकात चुकला तर कुणाला दिसत नाही. म्हणून ही कार्डं एकेरी अचूकतेच्या, सुमारे सात सार्थ अंकांच्या संख्यांवर वेगानं चालतात. संख्याशास्त्राला दुहेरी अचूकता लागते, पंधरा-सोळा अंकांची, आणि आर तर एकेरी संख्या ठेवतच नाही. बाजारात मिळणाऱ्या, आमच्या ऐपतीतल्या कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्शाइतका असतो. जाहिरातीतला वेग एकेरीचा. मोठ्या केंद्रांतल्या महागड्या कार्डांवर ही तफावत एवढी नसते. म्हणून एकेरीत काम करण्याचा मोह होतो, आणि टॉर्च आरमधल्या संख्या वेगळं न सांगितल्यास एकेरीतच घेतं.

त्यातून काय होतं ते आमच्या प्रकल्पात दिसलं. संगणक वेळ मोजतो ती 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. किल्लारीच्या भूकंपाची वेळ या हिशोबात सुमारे 75 कोटी सेकंद येते. एवढी मोठी संख्या एकेरी अचूकतेत ठेवली की शेजारच्या दोन शक्य संख्यांत 64 सेकंदांचं अंतर पडतं. मधलं काही लिहिताच येत नाही. मुख्य धक्क्यानंतरच्या पहिल्या मिनिटातले धक्के एकाच क्षणी झाल्यासारखे दिसतात, आणि ओमोरींचा नियम ज्या मिनिटांत सर्वांत स्पष्ट दिसायचा तिथेच तो मोडतो. प्रोग्राम थांबत नाही, चूक सांगत नाही, चकचकीत आलेख काढून देतो. मुलं तो आलेख घेऊन आनंदानं माझ्याकडे आली होती. मला ती वही आठवली. तिथे एक बाई तीन ओळींत गेली होती; इथे तीन धक्के एका ओळीत आले होते. उपाय सोपा निघाला: वेळ 1970 पासून न मोजता यादीच्या पहिल्या धक्क्यापासून दिवसांत मोजायची, आणि अंतिम बेरीज दुहेरीत करायची. पण उपाय सुचायला आधी शंका यावी लागते. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक छोटं गणित कार्डावर आणि साध्या प्रोसेसरवर, दोन्हीकडे करून उत्तरं ताडून पाहायला सांगितलं आहे. ते टाळू नका.

कार्डाच्या स्मृतीचाही हिशोब कागदावर आधी करावा. वीस हजार ओळी आणि वीस हजार स्तंभांची दुहेरी अचूकतेची मॅट्रिक्स 3.2 जीबी जागा घेते. अशा दोन गुणायच्या आणि तिसरी उत्तराची म्हटल्यावर 9.6 जीबी झाले. 8 जीबीच्या कार्डात ते मावत नाही. तुकडे पाडावे लागतात.

वेग हाती आला की आमच्या भागात भाकीत करण्याचा मोह फार लवकर होतो, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. भूकंप कधी होईल हे आज कुणालाही सांगता येत नाही. कितीही मोठं कार्ड आणलं तरी नाही. इटाससारखं प्रतिमान शक्यता सांगतं, तारीख सांगत नाही. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा, आणि 2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलैला हिंगोलीच्या भागातून उठलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले तेव्हा, मोबाइलवर भाकितं फिरली. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यानं अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना नीट समजावून सांगावं, एवढं तरी त्याच्याकडून व्हावं. किल्लारीचाच दाखला पुरे आहे. 1993 पूर्वीच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. नोंद झालेला इतिहास तोकडा होता आणि त्या तोकडेपणालाच आपण सुरक्षितता समजलो. 1992 पासून किल्लारीला लहान धक्के जाणवत होते, लोक ते सांगत होते. 2002 च्या नकाशातून तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात आलं. दरम्यान हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासासाठी किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. 338 मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर, पातळ गाळाच्या थराखाली, जुना ग्रॅनाइटी खडक लागला. आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला भूकंपानंतर कळलं.

पुण्या-मुंबईबाहेर हे काम होऊ शकतं का, असं मला विचारतात. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय 2020 च्या नोव्हेंबरात जगातल्या महासंगणकांच्या यादीत 63 वा होता, आणि तोही लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचाच आहे. थर तेच, नावं तीच, कमांडही त्याच. औशाचा मुलगा एका कार्डावर जे शिकला ते तिथे तसंच चालतं. फरक इतर गोष्टींचा. आमच्याकडे मे महिन्यात खोली तापते, धूळ पंख्यात बसते, वीज कधीही जाते. कार्डाला किती वॅट लागतात आणि आपला वीजपुरवठा करणारा एसएमपीएस व यूपीएस तेवढं देऊ शकतो का, हे आधी पाहावं. लांबणारं गणित दर अर्ध्या तासानं डिस्कवर उतरवून ठेवायची सवय आम्हाला विजेनं लावली, आणि ती चांगली सवय आहे.

भूकंपाखेरीज इथे मोजण्यासारखं बरंच आहे. सोयाबीनचा विमा ठरवताना पीक कापणी प्रयोगांचे आकडे धरले जातात. या प्रयोगांना शास्त्रीय नमुना पाहणीची बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. त्यांच्या पिढीनं ही गणितं हातानं आणि यांत्रिक गणकयंत्रांवर केली. त्यांच्याकडे वेग नव्हता, म्हणून कुठला प्रश्न विचारायचा याचा त्यांनी फार विचार केला. पाऊस, भूजल, तुरीचे भाव, यांच्या नोंदी तालुक्याच्या ठिकाणी पडून आहेत. त्या आमच्या मुलांनी मोजाव्यात असं मला मनापासून वाटतं. पुस्तक मराठीत आहे ते त्यासाठीच. कर्नेल, ड्रायव्हर, टर्मिनल हे शब्द लेखकांनी होते तसे ठेवले आहेत, कारण पडद्यावर मुलांना तेच दिसणार. त्यांच्यामागची गोष्ट मात्र घरच्या भाषेत सांगितली आहे.

वाचकाला एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक कोरी वही घ्या. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड देऊन आपल्या कार्डाचं नाव पाहा, युनेम ही कमांड उणे-आर या पर्यायासह (uname -r) देऊन कर्नेलची आवृत्ती पाहा, आणि दोन्ही तारखेसह पहिल्या पानावर लिहा. नंतर जे जे बसवाल, काढाल, बदलाल, ते त्याच वहीत त्याच दिवशी लिहीत जा. आणि एकच गोष्ट दोन ओळींत आली नाही ना, हे रोज संध्याकाळी एकदा पाहा.